मिक्सिंगच्या दुकानातले ॲपल

वसईत लग्नाच्या व्हिडिओच्या संकलनाला कोणी संकलन म्हणत नाही, ‘मिक्सिंग’ म्हणतात. पापडी, निर्मळ, आगाशी, नालासोपारा या पट्ट्यातल्या मिक्सिंगच्या दुकानांच्या नोंदी मी गेली काही वर्षे करतो आहे. मूळ शोध वेगळाच होता. कुपारी समाजाच्या लग्नांत बायका कादोडीत म्हणतात ती गाणी कुठे ध्वनिमुद्रित होऊन राहिली आहेत का, एवढेच पाहायचे होते. त्या गाण्यांच्या मागे जाता जाता मी एका अमेरिकन कंपनीच्या धोरणापाशी येऊन पोहोचलो.

त्याचे कारण असे. लग्नाची जी डीव्हीडी घरी येते तिच्यात ही गाणी बहुधा नसतात. त्यांच्यावर सिनेमातले गाणे चढवलेले असते. बायकांचे ओठ हलताना दिसतात, ऐकू येते भलतेच. मिनी-डीव्ही टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरायची रीत होती, त्यामुळे मूळ चित्रीकरणही हाती लागत नाही. उरतो तो संगणकातला ‘प्रोजेक्ट’. त्यात सिनेमाच्या गाण्याखाली मूळ आवाजाचा पट्टा नुसता बंद करून ठेवलेला असतो, पुसलेला नसतो. प्रोजेक्ट उघडला तर आजी गाते.

प्रोजेक्ट म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. त्यात चित्र नसते, आवाजही नसतो. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला, कशानंतर काय जोडले, कोणता आवाज चालू आणि कोणता बंद, याची ती टिपणवही असते. चित्रांचे तुकडे हार्ड डिस्कवर वेगळे पडलेले असतात आणि ते आजही उघडतात. पण शेकडो तुकड्यांना नुसते क्रमांक असले, तर हळदीच्या आदल्या रात्रीचे कोणते आणि मांडवातले कोणते हे वहीशिवाय कळत नाही. आणि ही वही ज्या सॉफ्टवेअरने लिहिली, त्यालाच ती वाचता येते.

सगळी दुकाने ॲपलची नव्हती. बहुतेकांकडे विंडोज, त्यावर प्रीमियर किंवा एडियस. पण अंधेरीच्या स्टुडिओंत शिकलेली, रात्रीच्या शेवटच्या लोकलने विरार-नालासोपाऱ्याला परतणारी मुले स्वतःचे दुकान टाकताना ॲपलच घेत, मग पतपेढीचे कर्ज काढावे लागले तरी चालेल. त्यांच्या निष्ठेला कारण होते. 1999 मध्ये ॲपलने ‘फायनल कट प्रो’ बाजारात आणले, तेव्हा गंभीर संकलन म्हणजे ॲव्हिड आणि त्याची महागडी यंत्रसामग्री असे समीकरण होते. हे सॉफ्टवेअर 999 डॉलरला मिळू लागले. 2003 च्या ‘कोल्ड माउंटन’ या चित्रपटाचे संकलन वॉल्टर मर्च यांनी त्यावरच केले आणि त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. ज्या अवजारावर हॉलिवूडचा संकलक काम करतो तेच आपल्या टेबलावर आहे, ही भावना किती मोलाची असते ते कारागिरालाच विचारावे.

जानेवारी 2007 मध्ये कंपनीने आपल्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढून टाकला. आयफोन जाहीर झाला तोच दिवस. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. व्यावसायिक संकलक हा तोवर कंपनीच्या घरचा माणूस होता. नव्या हिशेबात तो फार छोटा गिऱ्हाईक ठरला.

21 जून 2011 रोजी ‘फायनल कट प्रो एक्स’ आले, 300 डॉलरला. बांधणी पूर्ण नवी, वेगवान. पण आधीच्या ‘फायनल कट प्रो 7’ मधला प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हता. घरगुती वापराच्या ‘आयमूव्ही’मधले काम मात्र त्यात आणता येत होते, हे विशेष! अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळवण्याची सोय नव्हती, टेपवर काम उतरवण्याची जुनी व्यवस्था नव्हती. आणि त्याच वेळी जुन्या आवृत्तीची विक्री थांबवली गेली. ओरड झाल्यावर ती काही काळ पुन्हा विकली. कॅमेरे जुळवण्याची सोय जानेवारी 2012 मध्ये आली. जुना प्रोजेक्ट नव्यात आणण्याचे साधन त्याच सुमारास आले, तेही बाहेरच्या एका छोट्या कंपनीने केलेले.

नवे सॉफ्टवेअर वाईट नव्हते, हे सांगायला हवे. आज ते पुष्कळांना आवडते. तुटला तो विश्वास. पुढे काय येणार हे आधी न सांगण्याची ॲपलची रीत फोन घेणाऱ्याला गंमत वाटते. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या दुकानदाराला पुढच्या हंगामात आपले अवजार असेल की नाही हे कळावे लागते.

मग यंत्राचीही तीच गत झाली. 2013 च्या डिसेंबरात मॅक प्रो आला: काळा, दंडगोल, जेमतेम 25 सेंटिमीटर उंच. दिसायला देखणा, पण आत आणखी कार्ड बसवायला जागा नाही. त्याची रचना दोन ग्राफिक्स कार्डांची उष्णता वाटून घेण्यावर उभी होती, आणि जग एकाच मोठ्या कार्डाकडे वळले. तीन वर्षांहून अधिक काळ त्यात काही बदलले नाही. एप्रिल 2017 मध्ये कंपनीने मोजक्या पत्रकारांना बोलावून कबूल केले की उष्णतेच्या बाबतीत या रचनेने आपल्यालाच कोपऱ्यात गाठले. नवा मॅक प्रो 2019 च्या डिसेंबरात आला, किंमत 5,999 डॉलरपासून पुढे. सोबतच्या पडद्याचा नुसता स्टँड 999 डॉलर, म्हणजे पहिल्या फायनल कटची किंमत. तोवर दुकानदार प्रीमियरकडे किंवा फुकट मिळणाऱ्या डाव्हिन्ची रिझॉल्व्हकडे गेले होते.

जुने फायनल कट 7 आता 2017 च्या हाय सिएरा या प्रणालीवर आणि त्यानंतरच्या कोणत्याही प्रणालीवर चालत नाही. म्हणजे त्या प्रोजेक्टमधली गाणी ऐकायची तर त्याआधीची प्रणाली असलेला जुना मॅक चालू स्थितीत हवा. तो मिळाला की काम अवघड नाही: जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडायचा, ‘एक्सएमएल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यायचा, तो प्रीमियर किंवा रिझॉल्व्हमध्ये आणून बंद पट्टे चालू करायचे. ‘चि. सौ. कां.’ची पाटी जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसते, पण तो दोष आपल्याकडच्या फॉन्टवाल्यांचा. ज्याने त्याने आपापली मांडणी केली होती. आवाजाला त्याने काही होत नाही.

वसई-विरारच्या पट्ट्यात असे काही मॅक अजून दुकानांच्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमच्या नमुन्यांखाली पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्यांतले प्रोजेक्ट एक्सएमएलमध्ये उतरवून, चित्रांच्या तुकड्यांसकट दुसऱ्या डिस्कवर घेता येतील. एका लग्नाला अर्धा दिवस पुरतो.