मुलाचे मन जाणणारा डॉक्टर कसा घडतो?

ताप आला की आपण तापमापक लावतो. अंक पाहिला की ताप आहे की नाही, हे घरातले कोणीही सांगू शकते. पण समजा, मुळशी तालुक्यातील पौडच्या एखाद्या शाळेत पाचवीत शिकणारी एक मुलगी आहे. वर्गात ती मध्येच शून्यात पाहत बसते. हाक मारली तर ओ देत नाही. गणित अर्धेच उतरवून घेते. गुरुजी म्हणतात, “हिचे लक्ष नाही.” घरची माणसे म्हणतात, “आळशी आहे.” आता सांगा, या मुलीला कोणता मापक लावायचा?

असा मापक नाही. म्हणूनच बाल व किशोर मनोविकारतज्ज्ञ घडवावा लागतो, आणि त्याला बारावीनंतर साडेअकरा वर्षे लागतात. एवढी वर्षे कशासाठी, ते पाहू.

पहिली साडेपाच वर्षे : शरीराची ओळख

मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची. त्यानंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि रुग्णालयातील आंतरवासितेचे एक वर्ष. पुण्यात ससून रुग्णालयाला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुळशी तालुक्यातच लवळे येथे मुलींसाठी सिम्बायोसिसचे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मनाच्या डॉक्टरला हाडे आणि हृदय कशाला शिकायचे, असे तुम्ही विचाराल. आपल्या पाचवीतल्या मुलीकडेच परत पाहा. तिचा कान फुटत असेल आणि तिला कमी ऐकू येत असेल. फळ्यावरची अक्षरे पुसट दिसत असतील. अंगात रक्त कमी असेल. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडत असेल, तरीही मूल मंद वाटते.

आणखी एक शक्यता पाहा. अपस्मार म्हटले की आपल्याला झटके आठवतात. पण मुलांमध्ये त्याचा एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, थरथरत नाही. फक्त काही सेकंद त्याचे भान हरपते. दिवसातून असे अनेकदा घडते आणि सारे म्हणतात, लक्ष नाही! हे ओळखण्यासाठी मेंदूलेख, म्हणजे ई.ई.जी. काढतात. टॉर्चच्या एका सेलचा विद्युत्-दाब दीड व्होल्ट असतो. मेंदूतून डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचणारा दाब व्होल्टच्या काही दशलक्षांशांइतकाच असतो. जर्मन शास्त्रज्ञ हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचे असे लेख १९२९ साली प्रथम प्रसिद्ध केले. भान हरपण्याच्या या प्रकारात लेखावर सेकंदाला सुमारे तीन, अशा ठळक लाटा उमटतात. बहुतेक मुलांचा हा त्रास औषधाने आटोक्यात येतो. पण तो ओळखलाच गेला नाही, तर त्या मुलीच्या वाट्याला औषधाऐवजी छडी येते.

पुढची तीन वर्षे : मनाचे आजार

एम.बी.बी.एस.नंतर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि मनोविकारशास्त्रातील एम.डी.ची तीन वर्षे. नैराश्य, अतिचिंता, व्यसन, भास होणे हे सारे विद्यार्थी-डॉक्टर वॉर्डात राहून शिकतो. औषध केव्हा द्यायचे, केव्हा नुसते बोलून काम होते, आणि मुख्य म्हणजे न टोकता ऐकायचे कसे, हेही तो शिकतो. येथे एक फरक ध्यानात ठेवा. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन चाचण्या आणि समुपदेशन करतो. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असल्याने औषधेही देऊ शकतो. दोघांना एकमेकांची गरज लागते.

शेवटची तीन वर्षे : वाढते मन

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. तीन वर्षांचे मूल अंथरूण ओले करते, त्यात काही बिघाड नाही. आठ वर्षांच्या मुलाबाबत मात्र तपास करावा लागतो. लक्षण तेच, पण वयानुसार अर्थ बदलतो. म्हणून एम.डी.नंतर बाल व किशोर मनोविकारशास्त्रात डी.एम. ही पदवी असते. बंगळूरची निम्हान्स, चंडीगडची पी.जी.आय. अशा मोजक्या संस्थांत ती घेता येते.

येथे डॉक्टर मुलाबरोबर खेळायला शिकतो. जे मूल तोंडाने सांगत नाही, ते कधी चित्रातून, कधी बाहुलीच्या खेळातून सांगते. शिवाय तो एकाच साक्षीवर विसंबत नाही. प्रयोगशाळेत आपण एकच वाचन घेऊन थांबतो का? तसेच आई-वडील, शिक्षक आणि स्वतः मूल, तिघांचेही म्हणणे घ्यायचे. अतिचंचलतेचे निदान करताना घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी लक्षणे दिसतात का, हे पाहावेच लागते.

मोजपट्टी कोणाची?

फ्रान्समध्ये बिने व सिमों यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मोजण्याची चाचणी तयार केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. हे का करावे लागले? ताम्हिणीजवळच्या वाडीतील मुलाला सरकत्या जिन्याविषयी विचारले आणि ते गप्प राहिले, तर कमी पडली ती त्याची बुद्धी नव्हे. चुकली ती मोजपट्टी. हिंजवडीच्या इमारतीत वाढलेल्या मुलाला भाताच्या आवणीविषयी विचारले, तर तेही गप्पच बसेल. हिंजवडी आणि ताम्हिणी, दोन्ही एकाच मुळशी तालुक्यात आहेत!

मुलांसाठीचे आपल्या देशातले पहिले मार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईत, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सुरू झाले. तरी गरज अजून मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार!

ती तीन-चार मुले कदाचित तुमच्याच बाकावर असतील. त्यांना ‘वेडा’, ‘ढ’ म्हणू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत सल्लाही मिळतो. शिक्षकांनीही ‘लक्ष नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्या मुलाचे कान, डोळे आणि घर यांची चौकशी करावी. आणि तुमच्यापैकी कोणाला साडेअकरा वर्षांची ही वाट चालावीशी वाटली, तर तिची सुरुवात आजच करता येईल : शेजारच्या मुलाचे बोलणे मध्येच न तोडता, पूर्ण ऐकून घ्या.