आजारपणं थांबली, म्हणजे बाळ बरं झालं?

हृदयाला मोठं छिद्र असलेल्या बाळाच्या घरात पहिलं वर्ष फार ओढाताणीचं जातं. बाळ अंगावर प्यायला लागलं की दोन मिनिटांत कपाळावर घाम फुटतो. पिता पिता ते थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं. वजन काही केल्या वाढत नाही. मध्येच पोट उडायला लागतं, न्यूमोनिया होतो, दवाखान्यात भरती करावं लागतं. आणि मग दीड-दोन वर्षांच्या आसपास कधीतरी हे सगळं थांबतं. खोकला कमी होतो, घाम कमी होतो, मूल जरा बाळसं धरतं. घरचे म्हणतात, ‘छिद्र बुजलं असणार.’ शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाते आणि हळूहळू विसरली जाते.

मुलांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या आजाराबद्दल जे गैरसमज आहेत, त्यांत हा सगळ्यात घातक.

हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब उजवीपेक्षा बराच जास्त असतो. मधल्या पडद्याला मोठं छिद्र असलं की डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांकडे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रक्त धावतं. घाम, धाप, न्यूमोनिया हे त्याचेच परिणाम. हा मारा झेलता झेलता फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मग जादा रक्त आत शिरूच शकत नाही, आणि म्हणून आजारपणं थांबतात. बाळ बरं झालेलं नसतं, त्याच्या धमन्या आखडलेल्या असतात. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ लागला की छिद्रातून येणारा आवाज, डॉक्टर ज्याला मर्मर म्हणतात, तोही मंदावतो. स्टेथोस्कोपखालीही सुधारणाच झाल्यासारखं वाटू शकतं.

याच्या पुढची पायरी व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 1897 मध्ये नोंदवली. त्यांचा रुग्ण 32 वर्षांचा होता, लहानपणापासून निळसर पडणारा. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र सापडलं. पुढे 1958 मध्ये ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांनी या अवस्थेची नीट मांडणी केली आणि तिला आयझेनमेंगरचं नाव दिलं. या टप्प्यावर रक्त उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे वाहू लागतं. तेव्हा छिद्र बंद केलं तर उजव्या बाजूला दाब सोडायला वाटच उरत नाही, म्हणून शस्त्रक्रिया टाळावी लागते. ‘आता ऑपरेशन होणार नाही’ हे वाक्य आईवडिलांना डॉक्टरांनी हात झटकल्यासारखं वाटतं. खरं तर वेळ त्याआधीच हातातून गेलेली असते.

छिद्र आपोआप बुजतं हे निव्वळ खोटं नाही, म्हणूनच ते इतकं पटतं. लहान छिद्रं खरोखर बुजतात, पुष्कळ बुजतात. मोठी सहसा बुजत नाहीत, आणि खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्र शक्यतो पहिल्या वर्षातच बंद करावं लागतं. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांच्या धमन्या आणखी लवकर बिघडतात. तिथे वर्षभर थांबणंही महागात पडू शकतं. छिद्र बुजलं की नाही हे टू-डी इको सांगतो. बाळसं पाहून ते ठरवता येत नाही.

काही मुलांच्या हृदयाला छिद्र नसतं, तरी फुप्फुसातला दाब वाढतो. कधी त्यामागे जनुकातला दोष असतो. बीएमपीआर-2 हे त्यातलं महत्त्वाचं जनुक 2000 साली सापडलं. कधी कारणच सापडत नाही. आईवडील चक्रावतात, ‘दवाखान्यात बीपी मोजलं, नॉर्मल होतं.’ पण दंडाला पट्टा बांधून मोजतात तो शरीराचा दाब. फुप्फुसांचं अभिसरण वेगळं, त्याचा दाबही वेगळा. मोठ्या माणसाच्या दंडात वरचा दाब 120 भरत असेल, तर फुप्फुसाच्या धमनीत वरचा दाब 25 च्या आसपास असतो. तिथला सरासरी दाब 20 मिलिमीटरच्या वर गेला की तो वाढलेला मानतात. 2018 पूर्वी ही रेषा 25 वर होती. नवजात बाळाचा हा दाब मुळातच जास्त असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत उतरतो, म्हणून हा निकष तीन महिन्यांनंतरच लावतात.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. बसलेल्या मुलाचा आकडा 98 येऊ शकतो आणि आजार तरीही असू शकतो. शिवाय यंत्र कुठे लावलं यावरही उत्तर बदलतं. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती धमनीची नळी उघडी राहिली आणि तिच्यातून रक्त उलटं वाहू लागलं, तर अशुद्ध रक्त उजव्या हाताची फांदी फुटल्यानंतर महाधमनीत मिसळतं. मग उजव्या हाताची नखं गुलाबी आणि पायाची निळसर दिसतात. मोजे काढून पाहिल्याशिवाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अशी शंका असली की उजवा हात आणि पाय, दोन्हीकडे ऑक्सिजन मोजतात.

लक्षणं फसवी असतात. जिना चढताना धाप लागते, म्हणून दम्याचा पंप सुरू होतो आणि महिनोन्महिने उपयोग होत नाही. खो-खो खेळताना मूल कोसळतं, हातपाय झटकतं, म्हणून आकडी समजून मेंदूचा आलेख काढतात. तो नॉर्मल येतो, तरी गोळ्या सुरू राहतात. धावताना, रडताना किंवा एकदम उत्तेजित झाल्यावर मूल बेशुद्ध पडलं, तर कार्डिओग्राम आणि इको झालाच पाहिजे. घोरण्याकडेही कानाडोळा नको. ती गाढ झोपेची खूण नसते. वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्रभर श्वास अडत राहिला, तर त्यानेही फुप्फुसातला दाब चढतो. 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं, जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहेत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

इकोने सगळं कळतं, मग पायातून नळी कशाला घालायची, हा प्रश्न हमखास येतो. इको अंदाज देतो. उजव्या बाजूच्या झडपेतून होणाऱ्या गळतीचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चाराने गुणतात. वेग सेकंदाला 4 मीटर असेल तर 64, त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा दाब मिळवायचा. गळती नसेल तर हे गणितच मांडता येत नाही. आणि दाब वाढलाय तो जादा रक्तामुळे की आखडलेल्या धमन्यांमुळे, हे इको खात्रीने सांगू शकत नाही. छिद्र बंद करायचं की नाही, ते तर त्यावरच ठरतं. ते उत्तर कॅथेटर देतो. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात, दाब मोजतात. मग ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड हुंगायला देऊन पुन्हा मोजतात. दाब ठळकपणे उतरला, तर काही मुलांना साध्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गोळ्यांचा उपयोग होतो. तो न उतरलेल्यांना त्या गोळ्या अपाय करू शकतात. या तपासणीत जोखीम असते, भूल देण्यातही असते. म्हणून ती अशा मुलांची सवय असलेल्या केंद्रातच करावी.

‘निदान होऊन तरी काय, औषधच नाही’ हे 1980 च्या दशकात बरंचसं खरं होतं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या नोंदणीत कारण न सापडलेल्या प्रकारातले निम्मे रुग्ण 2.8 वर्षांच्या आत दगावले होते. आज बोसेंटान आहे, सिल्डेनाफिल आहे. सिल्डेनाफिलचं नाव मोबाइलवर शोधल्यावर पालक हादरतात, कारण तेच औषध व्हायग्रा म्हणून विकलं जातं. पण ते ज्या रक्तवाहिन्या सैल करतं, त्यांत फुप्फुसातल्याही येतात, आणि अमेरिकेत 2023 मध्ये त्याला 1 ते 17 वर्षांच्या मुलांमधल्या याच आजारासाठी मान्यता मिळाली. मात्रा वजनावर ठरते आणि ती जास्त झाली तर धोका असतो, म्हणून स्वतःहून वाढवू नये. लाजेपोटी किंवा ‘आता बरा दिसतोय’ म्हणून एकदम बंदही करू नये: दाब पुन्हा उसळतो, आणि पुष्कळदा आधीपेक्षा वेगाने.