लुंबिनीला निघताय? आधी शंभराच्या नोटा जमवा

आपल्या चार महास्थानांपैकी बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही तीन भारतात आहेत. चौथे, तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी, नेपाळात. उत्तर प्रदेशातील सोनौलीच्या सीमेपासून ते जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर असेल. भारतीयांना व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, पाट्यांवरची लिपीही देवनागरीच. त्यामुळे आपल्या वस्त्यांतून निघणाऱ्या धम्मसहलींना आपण परदेशात जातो आहोत असे वाटतच नाही. कमरेची पिशवी उघडून पैसे काढायची वेळ येते तेव्हा मात्र ते चांगलेच कळते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागातून चाळीस उपासक-उपासिका निघाल्या होत्या. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका होत्या, महापालिकेच्या सफाई खात्यातल्या होत्या, भाजी विकणाऱ्या होत्या. भिशीत महिन्याला थोडे थोडे टाकून वर्षभरात जमवलेला हा पैसा. गोरखपूर सोडले आणि सहल कंपनीचा माणूस बसमध्ये उभा राहिला. म्हणाला, "तुमच्या पाचशेच्या नोटा पलीकडे चालणार नाहीत, सापडल्या तर पोलीस पकडतील. सगळ्यांनी माझ्याकडे द्या, मी नेपाळी करून आणतो." पोलिसांचे नाव निघाल्यावर कोण मागे राहणार? बायकांनी सरासरी पाच-पाच हजार काढून दिले. त्याने रुपयाला दीड या भावाने नेपाळी नोटा वाटल्या. पावती नाही, हिशेब नाही.

त्याचे अर्धे म्हणणे खरे होते, आणि फसवणूक नेहमी अर्ध्या खऱ्यावरच उभी राहते. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर, म्हणजे दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या नोटांवर, बंदी घातली. त्याआधी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी आपल्याकडे नोटाबंदी झाली, तेव्हा पाचशे-हजारच्या जुन्या नोटा नेपाळात कित्येकांच्या घरात आणि तिथल्या राष्ट्र बँकेच्या तिजोरीतही अडकून पडल्या. ज्याचे हात एकदा भाजले तो मोठ्या नोटेला सहजी हात लावत नाही, हे समजण्यासारखे आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेचा नियम वेगळा आणि नेपाळ राष्ट्र बँकेचा वेगळा. दोन्ही जुळले तरच नोट चालते. शिवाय हे नियम बदलत असतात. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका, निघायच्या आठवड्यात ताजी चौकशी करा. शंभर आणि त्याखालच्या नोटांचा प्रश्न मात्र येत नाही.

लबाडी होती ती भावात. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला बांधलेला आहे: भारतीय शंभराला नेपाळी एकशेसाठ. तीस वर्षांहून जास्त काळ हा आकडा हललेला नाही. थायलंडचा बाहत किंवा श्रीलंकेचा रुपया रोज वर-खाली होतो, तिथे "आज भाव पडला" असे कोणी म्हणाले तर खरे-खोटे करणे कठीण. नेपाळात ही सबबच नाही. पाच हजारांचे आठ हजार व्हायला हवे होते, हातात आले साडेसात हजार. प्रत्येकी पाचशे नेपाळी, म्हणजे आपले ३१२ रुपये ५० पैसे गेले. चाळीस जणांचे मिळून साडेबारा हजार रुपये एका माणसाने बसच्या दांडीला धरून उभ्या उभ्या कमावले!

हे पकडले ते आमच्यातल्या पदवीधरांनी नव्हे, एका भाजीवाल्या मावशींनी. लुंबिनीत चहा-बिस्किटे घेताना त्यांनी लुगड्याच्या गाठीतली भारतीय शंभराची नोट दिली, तर दुकानदाराने हिशेब एकशेसाठ धरून केला. मावशींनी तिथेच त्या माणसाला गाठले, "अरे बाबा, चहावाल्याला परवडते ते तुला का परवडत नाही?" तो म्हणाला, कमिशन. दोन दिवस आम्ही तगादा लावला. शेवटी त्याने फरक परत केला, पण कधी? परतताना सीमा ओलांडून बस भारतात आल्यावर, आणि तोही नेपाळी नोटांत. गोरखपूरच्या पुढे त्या कोण घेणार?

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचे मोल कशाशी बांधावे आणि ते घसरले की मजुरी करणाऱ्याचे कसे नुकसान होते, याचा त्यात विचार आहे. बाबासाहेब मोठे अर्थशास्त्रज्ञ होते असे आपण दर जयंतीला व्यासपीठावरून सांगतो. मग दहाला सोळा एवढा हिशेब आपल्या बायकांना निघण्यापूर्वी विहारात बसवून शिकवायला काय हरकत आहे? अर्ध्या तासाचे काम आहे. नेपाळी किमतीला आठाने भागा आणि पाचाने गुणा, आपले रुपये निघतात. नेपाळी ८० म्हणजे आपले ५०, नेपाळी ४०० म्हणजे आपले २५०. ज्यांनी लहानपणी सोळा आण्यांचा हिशेब केला त्या आजींना तर हे तोंडपाठ होते. नेपाळी नोटेवर एका बाजूला आकडा आणि अक्षरे देवनागरीत असतात, त्यामुळे मराठी वाचणाऱ्या कोणालाही नोट वाचता येते. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी चित्रे आहेत: शंभरावर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती.

दुकानात भाव विचारला की आणखी एक प्रश्न विचारायचा: "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारता माळ, मूर्ती किंवा ई-रिक्षाचे भाडे ठरवले की देताना वाद होतो, आणि वादात परका माणूसच नमते घेतो.

आता शंभराच्या नोटा आणायच्या कुठून? एटीएममधून बहुधा पाचशेच येतात. बँकेत गेलो तर रोखपाल वर न बघता "नाहीत" म्हणतो. मी स्वतः कारकुनी केलेला माणूस आहे, या "नाहीत"चा अर्थ मला कळतो. मंडळाच्या लेटरहेडवर पंधरा दिवस आधी शाखाधिकाऱ्याला अर्ज द्या आणि पोच घ्या. एका बंडलात शंभर नोटा, म्हणजे दहा हजार. अशी किती लागतील तेही लिहा. पण त्याहून सोपी बँक आपल्या वस्तीतच आहे. भाजीवाल्या, मच्छीवाल्या, रिक्षावाले यांच्याकडे शंभर-पन्नासच्या नोटा रोज जमतात आणि त्यांनाही त्या पाचशेत बांधून हव्याच असतात. महिनाभर आधी सांगून ठेवले तर चाळीस जणांची सोय होते. फाटकी, चिकटवलेली नोट मात्र घेऊ नका.

तरुण मंडळी म्हणतील, मोबाईल आहे की. मार्च २०२४ पासून आपल्या यूपीआयने नेपाळातल्या 'फोनपे'च्या चौकोनी कोडवर पैसे देता येतात हे खरे. (हे 'फोनपे' नेपाळी कंपनीचे, आपल्याकडचे वेगळे. उच्चार एकच, त्यामुळे घोटाळा होतो.) पण त्यासाठी अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करावा लागतो, भारतीय सिमला रोमिंग लागते, आणि ई-रिक्षावाल्याला किंवा फुले विकणाऱ्या पोरीला रोखच हवी असते. एटीएम कार्डाचेही तसेच. २०२० पासूनच्या नियमाने नवे कार्ड फक्त देशात चालेल असेच मिळते. परदेशासाठी ते बँकेकडून चालू करून घ्यावे लागते. जनधन खात्याचे कार्ड असेल तर ते नेपाळात चालते का, हे शाखेत विचारूनच निघा. शिवाय दर वेळी शुल्क कापले जाते. थोडे थोडे काढणाऱ्याला ते जड जाते.

सीमेपलीकडे बेलहियात 'सटही' अशी पाटी दिसते. ते नोटा बदलून देण्याचे दुकान. तिथे स्वतः जा, भाव आधी विचारा, नोटा खिडकीसमोरच मोजा. एकदम सगळे बदलू नका. नेपाळात भारतीय नोटांची चणचण असते, म्हणून शंभराची नोट ते आनंदाने घेतात, पण परतताना नेपाळी देऊन भारतीय मागितल्या की कुरकुर होते किंवा जास्त पैसे मागतात. उरलेले नेपाळी पैसे चहा-जेवणात आणि दानात तिकडेच संपवावेत, राहिलेच तर सीमेच्या अलीकडे येण्यापूर्वी बदलावेत.

येत्या थंडीत आमच्या विभागाची पुढची तुकडी निघणार आहे. या वेळी कोणाचाही पैसा एकाच्या हातात जाणार नाही. प्रत्येक उपासिकेची रक्कम तिच्याच पिशवीत राहील आणि वंदनेच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर दहाला सोळा, पन्नासला ऐंशी, शंभराला एकशेसाठ असे ठळक अक्षरांत छापून घेतले आहे. ज्या शाखांना तो कागद हवा असेल त्यांनी तसाच छापून घ्यावा, आमची परवानगी मागण्याचे कारण नाही.