काळी यादी आणि नोटिशीतली एक ओळ

पहिल्याच पावसात रस्ता उखडतो, सभागृहात गदारोळ होतो आणि चार दिवसांनी बातमी येते: 'ठेकेदार काळ्या यादीत'. वाचणाऱ्याला वाटतं, झाला हिशेब चुकता. पण हा आदेश टिकणार की कोर्टात उडणार, हे त्याआधी गेलेल्या एका कागदावर ठरतं. तो म्हणजे कारणे दाखवा नोटीस.

एप्रिल 2018 मध्ये मध्य प्रदेशात भारतीय अन्न महामंडळाच्या पहारेकरी भरतीची परीक्षा होती. पोलिसांनी ग्वाल्हेरला काही जणांना पकडलं, त्यांच्याजवळ प्रश्नपत्रिकेसारखे दिसणारे हस्तलिखित कागद होते. आरोपींत परीक्षा घेणाऱ्या कंपनीचाच एक कर्मचारी. महामंडळाने नोटीस काढली, करारातल्या कलमांचा भंग झाल्याचं लिहिलं आणि जानेवारी 2019 मध्ये कंत्राट रद्द करून कंपनीला 5 वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं. नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली. कंपनी निर्दोष होती म्हणून नव्हे; काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे, हे नोटिशीत कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून.

वास्तविक, बाजू ऐकल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येत नाही, हे न्यायालयाने 1974 मध्येच सांगितलं होतं. नोटिशीत या शिक्षेचा उल्लेख हवा, हेही 2014 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट झालं होतं. तरी कार्यालयांत जुन्याच मसुद्यावर नाव बदलून नोटीस जाते!

बंदी कायमचीही नसते. भारत संचार निगमच्या मुंबईतल्या एका प्रकल्प कार्यालयाने पुरवठादारावर कायमची बंदी घातली, तेव्हा 2013 मध्ये न्यायालयाने मुदत ठरवायला सांगितलं. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या 151 व्या नियमानुसार भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झाली तर जास्तीत जास्त 3 वर्षं, सचोटीच्या संहितेचा भंग झाला तर जास्तीत जास्त 2 वर्षं बंदी. पहिल्या प्रकारात कंपनीची वारसदार कंपनीही अडकते, त्यामुळे नुसती पाटी बदलून भागत नाही. हे नियम केंद्राचे. राज्यांचे आणि महामंडळांचे आपापले.

आणि बंदीच्या आधी झालेली कंत्राटं? ती आपोआप रद्द होत नाहीत. म्हणून यादीत नाव असलेल्या ठेकेदाराचा रोलर दुसऱ्या रस्त्यावर फिरताना दिसला, तर ते बेकायदा असेलच असं नाही. अशा वेळी माहिती अधिकारात आधी कार्यारंभ आदेशाची तारीख मागा, आणि सोबत कारणे दाखवा नोटिशीची प्रतही.