आधी कॉपी, मग दुरुस्ती
(घरचा कॉम्प्युटर : लेखांक ६)

कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला संशय व्हायरसवर, दुसरा जुन्या प्रोसेसरवर. रॅम अपुरी पडल्यावर काय होतं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याहून फसवं कारण बरेचदा शेजारीच जोडलेलं असतं : निकामी होत चाललेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’वर जाऊन पाहावं. प्रोसेसर निवांत आहे, त्या डिस्कचा ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ मात्र 100 टक्क्यांवरून हलत नाही आणि वाचनाचा वेग सेकंदाला काही किलोबाइटच दिसतो, तर कॉम्प्युटर डिस्कची वाट पाहत अडकलेला आहे. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचून पाहते; दर खेपेला तो भाग हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. शंभर प्रयत्नांत सेकंदाहून जास्त वेळ जातो, तोही एका सेक्टरपायी. मग फाइल एक्सप्लोरर, अँटिव्हायरस, त्या डिस्कला हात लावणारं सगळंच खोळंबतं.

डिस्क काढताच कॉम्प्युटर सुरळीत झाला, तरी दोष डिस्कचाच कशावरून? शंका रास्त आहे. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरपर्यंतच वीज देतो. ती अपुरी पडली किंवा केबल ढिली असली तरी चांगली डिस्कही अडखळते. म्हणून हब टाळून, दुसऱ्या केबलने, दुसऱ्या पोर्टला एकदा जोडून पाहावं. तरीही तेच झालं, तर चेकडिस्क चालवण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. चेकडिस्क फाइल सिस्टीमच्या नोंदी सुधारते, झिजलेली तबकडी नाही. खराब सेक्टर शोधायला लावलं तर ती अख्खी डिस्क तासन्‌तास वाचत बसते, वर तिच्यावर लिहितेही. डिस्कमध्ये उरलेली धुगधुगी खर्चायची ती आपल्या फाइली बाहेर काढण्यासाठी. आधी पुन्हा न मिळणारे फोटो आणि कागदपत्रं घ्यावीत, सिनेमे शेवटी. कॉपी वारंवार अडत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अवघड भाग मागाहून पाहतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र ती लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यावी.

‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत ती ‘गुड’ दिसते, मग घाई कशाला, असंही कुणी म्हणेल. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’च्या चार ठळक निर्देशांकांवर एकही नोंद नव्हती. मात्र तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा 39 पट होती. तेव्हा धोक्याचा इशारा मिळाला तर तो मानावा. ‘गुड’वर विसंबू नये. कॉपी हाती असली की निदान चुकलं तरी फार तर काही तास वाया जातात. कॉपी नसताना केलेली चूक भरून काढता येत नाही.

पुढच्या आठवड्यात : बॅकअप किती आणि कुठे ठेवावेत.