निकाहाआधी तपासणी दोघांची, आणि पुरी

सिकलसेलचा एक हिशेब आता बऱ्याच घरांना पाठ झाला आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक; एकच वाहक असेल, तर काळजी नाही. यातला दुसरा भाग अर्धवट आहे, आणि याच अर्ध्या माहितीवर रिश्ते पक्के होतात.

समजा, मुलगी सिकलसेलची वाहक आहे. मुलाची तपासणी केली, सिकल निघाला नाही. घरचे अल्लाहचे शुक्र अदा करतात, तारीख ठरते. पण मुलगा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो. अशा वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. हिमोग्लोबिन थोडे कमी असते, आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही ते वाढत नाही, एवढेच. सोल्युबिलिटी ही साधी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन शोधते. थॅलेसेमिया तिला दिसत नाही. या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडचे दोष मिळण्याची शक्यता पुन्हा चारात एकच. या आजाराचे नाव सिकल-बीटा थॅलेसेमिया. अंग आणि सांधे असह्य दुखणे, रक्त कमी होणे, कावीळ, पाणथरी वाढणे ही त्याची लक्षणे. वडिलांकडून आलेला जनुक थोडे तरी चांगले हिमोग्लोबिन बनू देत असेल, तर त्रास सौम्य राहतो. मुळीच बनू देत नसेल, तर तो सिकलसेल ॲनिमियाइतकाच तीव्र होऊ शकतो.

या तीव्र प्रकारात मुलाचा अहवाल वरवर पाहता 'एसएस'सारखाच दिसतो. मग वडिलांना तपासतात, तर सिकलचा पत्ता नाही. दोघांचा दोष लागतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बोट आईकडे वळते. निष्पाप बाईवर याहून वाईट बदगुमानी कोणती? वडिलांची एचपीएलसी तपासणी केली, आणि त्यात हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर निघाले, की सहसा उलगडा होतो: दोष त्यांच्याकडूनही आला आहे, फक्त तो वेगळा आहे.

विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेल आदिवासी आणि अनुसूचित जातींत अधिक आढळतो, थॅलेसेमिया सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत. म्हणून 'हा आपला आजार नाही' असे मानणे चूक. चुलत-मामे भावंडांत निकाह जायज आहेच. पण एकाच आजा-आजीचा दोष दोघांत उतरलेला असण्याची शक्यता तिथे वाढते. सौदी अरबस्तानात 2004 पासून निकाहाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींची तपासणी सक्तीची आहे. अहवाल प्रतिकूल आला तरी निकाहाला मनाई नाही. निर्णय त्या दोघांचा. हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

त्याच सौदीच्या पूर्व भागात, आणि आपल्याकडेही, काहींना सिकलसोबत जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते. ती मुख्यतः मुलग्यांना त्रास देते. मलेरियावरचे प्रायमाक्वीन किंवा डॅप्सोन घेतल्यावर त्यांच्या लाल पेशी झपाट्याने फुटू शकतात, म्हणून ही औषधे लिहिताना डॉक्टरांना आठवण करावी.

लॅबमध्ये 'सिकल टेस्ट' एवढेच न सांगता सीबीसी आणि एचपीएलसी मागावी, दोघांचीही. घरात रुग्ण असेलच, तर रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटावे: शरीरातले पाणी कमी झाले की पेशी वाकड्या होतात व दुखणे उसळते. आजाऱ्याला रोज्यात सवलत शरियतनेच दिली आहे.