कोंबडीचे घड्याळ आणि प्रवासाचा शीण

डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्ही महाविद्यालयातले चार जुने मित्र-मैत्रिणी पुण्यात जमलो होतो. एक मित्र तीन दिवसांपूर्वी लंडनहून आला होता. दुसरा आदल्या संध्याकाळी नांदेडहून एस.टी.ने निघून सकाळी पोहोचला होता. साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवणारी मैत्रीण तिच्या दोन पाळीव कोंबड्यांची हकीकत घेऊन आली होती.

नांदेडकर चहा होईपर्यंत बसल्याबसल्या पेंगू लागला. जेवून तीन तास झोपला आणि उठला तो ताजातवाना. लंडनकराचे मात्र तसे नव्हते. "पहिल्या रात्री चार वाजून गेले तरी टक्क जागा होतो. काल दोन वाजले. सकाळी कुणी उठवलं की मध्यरात्री उठवल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

यावर मैत्रीण म्हणाली, "तुझं ऐकून मला आमच्या कोंबडीची आठवण झाली." आम्ही हसलो. पण तिने पर्समधून मुलीची वही काढली आणि हसणे थांबले.

वहीतली नोंद

सातवीतल्या त्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत एका कोंबडीच्या अंडी घालण्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी सकाळी सव्वासात, दुसऱ्या दिवशी पावणेनऊ, तिसऱ्या दिवशी दहा, चौथ्या दिवशी सव्वाअकरा, पाचव्या दिवशी दुपारी दीड. सहाव्या दिवशी अंडे नाही. सातव्या दिवशी पुन्हा सकाळी साडेसात! खाली मुलीने लिहिले होते, "कोंबडीला रोज उशीर होतो. मग ती सुट्टी घेते आणि पुन्हा वेळेवर येते."

निरीक्षण अचूक आहे. (घरात कोंबडा नाही, मग अंडी कशी, असे मुले नेहमी विचारतात. अंडे तयार होण्यासाठी कोंबडा लागत नाही. ते फलित होऊन त्यातून पिल्लू निघायचे असेल तरच लागतो.) रोज उशीर का होतो हे समजण्यासाठी अंडे कसे घडते ते पाहू.

पिकलेला पिवळा बलक अंडाशयातून सुटून अंडनलिकेत येतो. तिथे सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक साठतो. पुढच्या सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे बनतात. मग अंडे कवच-ग्रंथीत शिरते आणि तिथे जवळजवळ वीस तास राहते. सगळ्यात अधिक वेळ जातो तो कवचाला. एकूण काम सुमारे २५ तासांचे. अंडे घातल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो. दिवस २४ तासांचा आणि काम त्याहून मोठे, म्हणून अंडे रोज तास-दीड तास पुढे सरकते.

मग सुट्टी कशासाठी? बलक सुटण्याआधी काही तास मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट रक्तात यावी लागते. ही लाट दिवसाच्या चोवीस तासांपैकी ठराविक आठ-दहा तासांतच, मुख्यतः रात्री, येऊ शकते. ते तास कोंबडीचे जैविक घड्याळ ठरवते. सरकत सरकत बलक पिकण्याची वेळ या खिडकीबाहेर गेली की त्याला पुढच्या रात्रीपर्यंत थांबावे लागते. तो एक दिवस रिकामा जातो आणि क्रम पुन्हा पहाटेपासून सुरू होतो.

घड्याळाला किल्ली कोण देते?

उत्तर आहे उजेड. कॅनडातील विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात जुंको नावाचे चिमणीएवढे पक्षी ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्यांची प्रजननेंद्रिये वसंत ऋतूत वाढावीत तशी वाढली. पुढच्या दशकात फ्रान्समधील झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले की हा परिणाम डोळ्यांवाचूनही होतो. पक्ष्यांच्या कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूच्या खोल भागातल्या पेशींना जाणवतो. दिवस मोठे होऊ लागले की अंडाशयाला चालना मिळते, लहान झाले की ती मंदावते. आपल्याकडे डिसेंबरमध्ये दिवस सुमारे ११ तासांवर येतो. म्हणूनच हिवाळ्यात घरच्या कोंबड्यांची अंडी कमी होतात.

माणसाचे घड्याळ

माणसाचेही असे घड्याळ आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर काही हजार चेतापेशींचे दोन पुंजके असतात. तेच हे घड्याळ. दिवसरात्र कळू नये अशा बंद जागेत माणसांना ठेवले तरी त्यांचे झोपणे-उठणे चालू राहते. आपल्या देशात मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी अशा खास खोलीत हे अभ्यास केले. आज आपल्याला ठाऊक आहे की या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तासांहून दहाएक मिनिटांनी मोठा असतो. डोळ्यांच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र पाहण्याऐवजी उजेड मोजतात आणि रोज ते बाहेरच्या दिवसाशी जुळवून घेतात.

आता आमच्या दोन प्रवाशांकडे वळू. नांदेडकराचा शीण जागरणाचा आणि एका जागी आखडून बसण्याचा. नांदेड आणि पुण्याची वेळ एकच, त्यामुळे एका झोपेत तो गेला. लंडनकराला तोही शीण होताच, पण शिवाय त्याचे घड्याळ साडेपाच तास मागे होते. आपले रात्रीचे अकरा म्हणजे त्याच्या शरीराचे संध्याकाळचे साडेपाच. पूर्वेकडे येताना घड्याळ पुढे ढकलावे लागते, आणि मुळातच थोडे मागे पडणाऱ्या घड्याळाला ते जड जाते. ते रोज साधारण एक तास सरकते. म्हणजे त्याला अजून दोन-तीन दिवस लागणार. पश्चिमेकडे जाताना हेच काम लवकर होते. कोंबडीला एक दिवस सोडून देऊन पहिल्यापासून सुरुवात करता येते. आपल्याला ती सोय नाही.

उजेडाची मदत मात्र घेता येते, पण वेळ पाहून. पहिल्या दिवशी सकाळी सातचे ऊन त्याच्या शरीराला मध्यरात्रीचे वाटेल आणि घड्याळ उलट मागे जाईल. तेव्हा सुरुवातीला अकरानंतरचे ऊन घ्यावे, मग रोज तासाभराने अलीकडचे. रात्री जागरण झाले तरी मोबाईल उघडून बसू नये.

मुलीचा प्रश्न

एवढे झाल्यावर मैत्रिणीने खरी अडचण सांगितली. अंडी कमी झाली म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तिने खुराड्यात रात्रभर दिवा लावायला सुरुवात केली होती. मुलगी रोज भांडत होती, "आई, तिला रात्र नको का?"

हवी. पोल्ट्रीतसुद्धा दिवस आणि दिवा मिळून साधारण १६ तासच उजेड ठेवतात. उजेड अखंड असेल तर घड्याळाला खूणच उरत नाही, आणि अंडी दिवसाच्या कोणत्याही वेळी पडू लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे कोंबडीच्या सांगाड्यातल्या कॅल्शियमचा जवळजवळ दहावा भाग! कवचाचे बरेचसे काम रात्री, पोटात दाणा नसताना होते, म्हणून यातले काही हाडांतून काढले जाते. खाण्यातून ते भरून आले नाही तर कवच पातळ होते, पाय दुबळे होतात, कधी अंडे अडकून कोंबडी दगावते. हिवाळ्यातली विश्रांती हा शरीराचा आळस नव्हे. तेवढ्या काळात झीज भरून येते.

अंडी हवीच असतील तर दिवा पहाटे चारला लावून उजाडल्यावर बंद करावा. म्हणजे उजेड १४ तास होतो आणि संध्याकाळी कोंबडी अंधार पडता पडता आपोआप दांडीवर चढते. सोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. लागेल तेवढा ती खाते.

मैत्रिणीने तिथूनच घरी फोन लावला आणि दोन्ही मार्ग मुलीला सांगितले. मुलीने क्षणभरही विचार केला नाही. "दिवा काढते. अंडी उन्हाळ्यात खाऊ."

आपल्या शाळेतल्या ज्या मुलांकडे कोंबड्या असतील त्यांना अशी वही जरूर ठेवायला सांगा. एका कोंबडीच्या पंधरा दिवसांच्या वेळा आलेखावर मांडल्या की तिरपी रेघ, तुटलेली जागा आणि पुन्हा तिरपी रेघ दिसेल. ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनी सुट्टीतल्या आपल्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहाव्यात. तिथेही काही सरकताना दिसते का, ते त्यांनाच शोधू द्या.